वकीलपत्राविना ई-फायलिंग

दिवाणी न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडण्याची मुभा 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनेच दिलेली असून, तिच्या आदेश 3, नियम 1 नुसार पक्षकाराला स्वतः, मान्यताप्राप्त प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत हजर राहता येते. वकीलपत्र न देता दावा चालवणाऱ्याला न्यायालयीन व्यवहारात ‘पार्टी इन पर्सन’ म्हणतात. 2007 मध्ये सुरू झालेल्या ई-न्यायालय प्रकल्पातून पुढे ई-फायलिंगची, म्हणजे दावे, अर्ज व कागदपत्रे इंटरनेटवरून दाखल करण्याची, व्यवस्था उभी राहिली आणि ती अशा पक्षकारांनाही खुली आहे. परंतु दाखल करण्याची खिडकी बदलली तरी दाव्याचा कायदा तोच राहिला आहे, आणि खिडकीवरचा कारकून ज्या त्रुटी पूर्वी तोंडी दाखवून देई, त्या आता पक्षकाराला घरबसल्या आधीच ओळखाव्या लागतात.

हातउसने दिलेल्या पैशांच्या वसुलीचा साधा दावा घेतला, तरी वादपत्रात रक्कम, व्यवहाराची तारीख, दाव्याचे कारण केव्हा व कोठे घडले आणि त्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र कसे आहे, हे सारे यावे लागते. वादपत्राखाली सही आणि सत्यापन, म्हणजे कोणता मजकूर स्वतःच्या माहितीने व कोणता इतरांकडून कळलेल्या माहितीवरून खरा मानला आहे याचे निवेदन, तसेच सोबत शपथपत्र व दस्तऐवजांची यादी आवश्यक असते. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा 1998 च्या अधिसूचनेने, काही अपवाद वगळता, मराठी ठरलेली असल्याने वादपत्र मराठीत लिहिता येते. मात्र ते युनिकोडमध्ये टंकलिखित करावे, कारण जुन्या फॉन्टमधील मजकूर पीडीएफमध्ये डोळ्यांना नीट दिसला तरी संगणकाला त्यात शब्द शोधता येत नाहीत.

न्यायालयीन शुल्कही ऑनलाइन भरता येते आणि त्याची पावती दाव्याला जोडावी लागते. फाइल अपलोड झाली म्हणजे दावा नोंदला गेला, असा समज मात्र घातक ठरू शकतो. न्यायालयाचे कर्मचारी आधी तिची छाननी करतात, त्रुटी आढळल्यास आक्षेप नोंदवून ती परत पाठवतात, आणि त्यांची पूर्तता झाल्यावरच दावा नोंदणीला येऊन त्याला सीएनआर, म्हणजे देशभरात त्या एकाच प्रकरणाला लागू पडणारा 16 अक्षरांकांचा क्रमांक, मिळतो. उसन्या रकमेच्या दाव्याला 1963 च्या मुदत कायद्याने सामान्यतः तीन वर्षांची मुदत असल्यामुळे शेवटच्या रात्री संकेतस्थळ उघडून बसणे हा फार मोठा धोका आहे.

खरी कसोटी पुराव्याची असते. असे व्यवहार बहुधा तोंडी होतात आणि कर्जाची कबुली कोठे उरलेली असेल, तर ती व्हॉट्सॲपच्या संदेशांत असते. त्या संदेशांची छायाचित्रे नुसती अपलोड करून भागत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की, मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने हे प्रमाणपत्र दोन भागांचे केले: एक भाग पक्षकाराने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य द्यायचे. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिती रीतीने काढलेली अक्षरांकांची ओळखखूण. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी तीही बदलते. पुराव्यातील फेरफार ओळखण्यासाठी ही तरतूद रास्तच आहे, तथापि थोड्या रकमेसाठी स्वतः उभ्या राहिलेल्या माणसाने तज्ज्ञ कोठून आणावा, हा प्रश्न तिने अधिक तीव्र केला आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या पक्षकारावर सोडणे न्याय्य नाही.

मुंबई उच्च न्यायालयात आणखी एक पायरी आहे. 2015 च्या नियमांनुसार स्वतः युक्तिवाद करू इच्छिणाऱ्या पक्षकाराशी न्यायालयाच्या अधिकाऱ्यांची समिती बोलते आणि तो न्यायालयाला आवश्यक साहाय्य करू शकेल किंवा नाही, याविषयी मत देते. ही पडताळणी अडथळा म्हणून वापरली जाता कामा नये, कारण स्वतः उभा राहणारा प्रत्येक जण हौसेने तसे करत नाही. अनेकांना वकिलाचे शुल्क परवडत नाही.

ज्यांच्याकडे संगणक किंवा स्कॅनर नाही, त्यांच्यासाठी न्यायालयांच्या आवारात ई-सेवा केंद्रे सुरू करण्यात आली आहेत. तेथे फाइल तयार करण्यास मदत मिळू शकते, परंतु वादपत्रात काय लिहावे हे सांगणे त्या केंद्राचे काम नव्हे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांसारख्या काही वर्गांना उत्पन्नाची अट न लावता, तर इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत, मोफत सेवा मिळते. शिवाय त्या कायद्यातील ‘विधी सेवा’ या संज्ञेत कायदेविषयक सल्लाही येत असल्याने, वकील न नेमता स्वतःच दावा चालवण्याचे ठरवलेल्या पात्र व्यक्तीलाही फाइल अपलोड करण्यापूर्वी आपले वादपत्र तेथे दाखवून सल्ला मागता येतो.