झडपेचं ऑपरेशन आणि सिगारेट

आता नेहमी येणारा प्रश्न घेऊ. हृदयाची झडप बदलायची तारीख मिळाली, मग आता सिगारेट सोडून काय उपयोग? उपयोग आहे. दिवसभरातच रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, हृदयाला प्राणवायू जास्त मिळतो. फुप्फुसांना सावरायला मात्र चार आठवडे तरी हवेत. व्हेंटिलेटर निघाल्यावर कफ खोकून काढायचा असतो, तेव्हा त्याचा फायदा कळतो. म्हणून तारखेची वाट न बघता आजच सोडा.

पण एकट्याने झुंजू नका. किती ओढता, ते भूलतज्ज्ञांना खरं सांगा. ते रागवायला विचारत नाहीत. निकोटिनचं च्युइंगगमही डॉक्टरांना विचारूनच घ्या. तलफ काही मिनिटांची असते, तेवढा वेळ घरच्या कुणाशी बोलत बसा. नाहीतर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे समुपदेशक मोफत बोलतात.