गाडी थांबली, अडकली, बंद पडली

बदलापूरच्या फलाटावर गाडी थांबते, तेव्हा ‘स्टॉप’ हे क्रियापद योग्यच. एस. टी. वळून थांब्याशी उभी राहते, तेथे ‘पुल अप’ अधिक शोभते. परंतु २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली व सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. या प्रसंगी विद्यार्थी ‘ब्रोक डाउन’ लिहितात. तो अर्थ ‘बंद पडली’ असा, यंत्रातील बिघाडाचा आहे. येथे ‘वॉज हेल्ड अप’ हवे. त्यातील ‘वॉज’ मात्र गाळू देऊ नये. अन्यथा गाडीनेच कोणास अडविले, किंबहुना लुटले, असा अर्थ निघेल! शिक्षकांनी प्रथम मराठी क्रियापद विचारावे, मग इंग्रजीकडे वळावे.