रायपूरचा समुद्रकिनारा

रायपूरजवळच्या खाणीतल्या चुनखडीवर कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळे दिसतात, ती कशाची, असे एका वाचकाने विचारले आहे. ती समुद्राची खूण आहे. आज सर्वांत जवळचा समुद्रही इथून सुमारे चारशे किलोमीटरवर. पण एकेकाळी इथेच उथळ पाणी होते.

या वर्तुळांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. सायनोबॅक्टेरियांचा चिकट थर पाण्यातला बारीक गाळ धरून ठेवी. गाळाखाली उजेड मिळेना, की जीवाणू वर सरकत आणि नवा थर धरत. म्हणजे ऊन तळापर्यंत पोहोचत होते, पाणी खोल नव्हते! एका दगडावरून इतके कळते.

हे खडक किती जुने, यावर बरीच वर्षे वाद होता. हे खडक ज्या खोऱ्यात साचले, त्याच्या पूर्व भागात ज्वालामुखीच्या राखेचे थर सापडले. त्यांतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून २००७मध्ये वय निघाले सुमारे शंभर कोटी वर्षे, आधीच्या अंदाजांपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा मासे नव्हते, शंखशिंपलेही नव्हते. त्यामुळे या चुनखडीत डायनासोरचे हाड मिळाल्याचे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका.

समुद्र पुन्हा आला तो उत्तरेला, मनेंद्रगडला. हसदेव नदीकाठी सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे सागरी शिंपले खडकात आहेत आणि ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे.

असे जीवाश्म आधी ज्याच्या हाती लागतात, त्याचे नाव मात्र अनेकदा मागे राहते. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर मेरी अ‍ॅनिंग दरड कोसळली की जीवाश्म शोधायला निघे. १८२३मध्ये तिने प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा पहिला जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला. पुढच्या वर्षी भूवैज्ञानिक कोनीबेअरने त्यावर शोधनिबंध वाचला, त्यात तिचे नावही नाही. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सभासद केले ते १९१९मध्ये. मेरी १८४७मध्येच गेली होती. हा अन्याय मला अजून खुपतो. आज तो किनारा जागतिक वारसा आहे, आणि त्यामागे तिच्या हातोडीचे मोठे श्रेय आहे.

आपली चुनखडी मात्र बलौदाबाजारच्या सिमेंट भट्ट्यांत जाते. सिमेंट हवेच, पण प्रत्येक खाणपट्ट्यात वर्तुळांचा एखादा चांगला कातळ राखून ठेवायला काय हरकत आहे? खाणीतले मजूर हे दगड सर्वांत आधी पाहतात, म्हणून नोंदीत त्यांचेही नाव असावे. असा कातळ दिसला तर फोडू नका; फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला कळवा.