कोटाचे सामान्यरूप : पुरुषी समारंभवेष आणि स्त्रियांचा नित्यवेष

परभाषेतून आलेला शब्द मराठीत कितपत रुळला आहे, हे ओळखण्याची एक खूण व्याकरणात सापडते. पूर्वी आलेला व्यंजनान्त शब्द प्रत्ययापूर्वी बहुधा सामान्यरूप घेतो. अलीकडचा शब्द बहुधा आहे तसाच राहतो. ‘कोटाचा खिसा’ म्हणतात, परंतु ‘ब्लेझरचा खिसा’. एकाच इंग्रजी शब्दापासून आलेल्या ‘जाकीट’ आणि ‘जॅकेट’ या जोडीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘जाकिटाचा’ असे रूप घेणारा पहिला शब्द सामान्यतः बिनबाह्यांच्या वस्त्राला रूढ झाला. ‘जॅकेटचा’ असा अविकृत राहणारा दुसरा बाह्यांच्या वस्त्रासाठी वापरला जातो.

वस्त्रांच्या स्थलांतराचा विचारही याच दृष्टीने करता येईल. परके वस्त्र नुसते अंगावर चढविणे निराळे आणि नेसणारीचे शरीर, हवामान व सोबतची वस्त्रे यांना अनुसरून त्याने रूप पालटणे निराळे. टक्सिडो जाकिटाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे, कारण त्याला दोन सीमा ओलांडावयाच्या होत्या : पुरुषवेषातून स्त्रीवेषात येण्याची एक, आणि समारंभातून नित्यव्यवहारात येण्याची दुसरी.

या जाकिटाचे अमेरिकन नाव न्यूयॉर्क राज्यातील टक्सिडो पार्क या स्थळावरून पडले. तेथील क्लब १८८६ साली स्थापन झाला. इंग्लंडात त्यास ‘डिनर जॅकेट’ व फ्रेंचमध्ये ‘स्मोकिंग’ म्हणतात. पॅरिस येथील वेषकल्पक ईव्ह सँ लोराँ यांनी १९६६ साली ते स्त्रियांसाठी सादर केले, तेव्हाही फ्रेंच व्याकरणाने त्या नामाचे पुल्लिंग बदलले नाही. श्रीमंत ग्राहकवर्गाने मूळ महागड्या वस्त्राकडे पाठ फिरविली. मात्र त्याच वर्षी उघडलेल्या ‘रिव्ह गोश’ या तयार कपड्यांच्या दुकानातील स्वस्त आवृत्ती तरुण स्त्रियांनी उचलून धरली. म्हणजे दुसरी सीमा ओलांडली गेली ती दुकानात, प्रदर्शनाच्या मंचावर नव्हे.

या रूपांतरात काय टिकते आणि काय गळते? रेशमी सॅटिनने मढविलेली दुमडती कॉलर, मढविलेली बटणे, कडक बकरम, पूर्ण अस्तर ही समारंभाची चिन्हे होत; नित्यवापरात ती प्रथम गळतात. कॉलर कोटाच्याच कापडाची होते, अस्तर अर्धे राहते, लोकरीच्या जागी सुती कापड येते. उलट खांद्याची सरळ रेषा, पुढून उघडणारी छाती व गडद रंग टिकून राहतात, कारण वस्त्राचा अर्थ त्यांतच साठविलेला असतो. स्त्रीशरीरासाठी छातीला व कमरेला टक्स द्यावे लागतात आणि मुंढा नव्याने आखावा लागतो. नुसती मापे कमी केलेला पुरुषी कोट हा प्रत्यय लागलेल्या परंतु सामान्यरूप न घेतलेल्या शब्दासारखा होय.

नागपुरात या प्रक्रियेचे सर्वांत परिचित उदाहरण फॅशनच्या दुकानात नव्हे, तर न्यायालयात आढळते. १९३६ साली येथे उच्च न्यायालय स्थापन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. स्त्रियांना वकिलीस असलेली आडकाठी १९२३ च्या कायद्याने दूर झाली होती. पुढे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखालील वेषनियमांत स्त्रियांसाठी काळे पूर्ण बाह्यांचे जाकीट वा ब्लाउज, अथवा पांढऱ्या ब्लाउजवर पुढून उघडा काळा कोट, आणि त्यांसोबत साडी, सलवार-कुडता आदी पर्याय नमूद झाले. टक्सिडोप्रमाणे हाही मूळचा पुरुषी औपचारिक वेष. मात्र येथे तो रोज अंगावर येतो, आणि तोही साडीवर.

साडीवर कोट म्हणजे शिंप्यापुढे नवाच प्रश्न. डाव्या खांद्यावरील पदराच्या घड्या कोटाखाली दबतात. तेथे जाड पॅड असल्यास दोन्ही खांदे विषम दिसतात. कमरेशी निऱ्यांचा फुगवटा असल्याने कोटाची लांबी व घेरही बदलावा लागतो. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. कनिष्ठ न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. सर्वोच्च व उच्च न्यायालयांना ही सवलत लागू नाही.

येथेच भाषेशी असलेल्या साम्याची मर्यादा दिसते. शब्दाला सामान्यरूप बोलणारे देतात. त्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नाही. वस्त्राचा कट शिंपी बदलू शकतो, पण ते केव्हा उतरवावे हे नियम ठरवितो. ‘काळा कोट’ हा शब्दप्रयोग मराठीत वकिलाचे चिन्ह झाला आहे आणि तो घालणारी स्त्री असो वा पुरुष, शब्द एकच राहतो. पोलके व सदरा यांच्याप्रमाणे येथे नावाची वाटणी झालेली नाही. ही समानता मोलाची आहे. परंतु नाव एक राहिले म्हणून मापही एकच राहावे असे नाही. वस्त्र आपले झाले असे म्हणावयाचे, तर ते घालणाऱ्या स्त्रीला त्याचा खांदा, त्याचे कापड आणि त्याचा ऋतू यांविषयी बोलण्याचा अधिकार असावयास हवा.