मोबाइलवर मोजलेली शेती आणि रोव्हरची मोजणी

परवा एक काका मोबाइल घेऊन बांधावरून फिरले आणि "दोन गुंठे कमी भरतंय" म्हणत शेजाऱ्याशी भांडायला निघाले. काका, जरा दमानं!

मोबाइलचं जीपीएस मोकळ्या रानातही 3 ते 5 मीटर इकडेतिकडे होतं. 100 मीटरचा बांध 3 मीटर सरकला की झाले जवळपास 3 गुंठे.

सरकारी मोजणीत आता रोव्हर असतो. काठीवरचं हे यंत्र उपग्रहांचे सिग्नल घेतं, शिवाय कॉर्स या जमिनीवरच्या कायमच्या संदर्भ स्टेशनकडून इंटरनेटवरून दुरुस्तीही घेतं. स्टेशनची स्वतःची जागा आधीच पक्की ठाऊक असल्यानं सिग्नल किती चुकतोय ते त्याला कळतं. मग चूक उरते दोन-तीन सेंटीमीटर.

मी सर्व्हेचंच काम करतो. स्क्रीनवर 'फिक्स', म्हणजे जागा पक्की झाली, असं आलं आणि काठीवरचा बुडबुडा मधोमध असला, तरच बिंदू घ्यायचा. 'फ्लोट'वर, म्हणजे जागा अजून पक्की नसताना, घेतलेला आकडा माझ्या लेखी रद्दी. दाट आंब्याखाली फिक्स मिळवताना मात्र घाम फुटतो!

आणि हो, यंत्र फक्त काठी कुठे टेकलीय ते सांगतं. हद्द ठरते मोजणीच्या अभिलेखावरून. त्यामुळे बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातच अर्ज करा.