गरम इंजिन, गार इंजिन आणि गळतीचा आकडा

सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडायची आणि ती किती निसटते ते पाहायचे, एवढीच लीकडाउन चाचणी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणून थांबवतात, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकात नळी बसवली, की कॉम्प्रेसरची हवा आत जाते. मोटारींसाठी हा दाब बहुधा १०० पीएसआय, म्हणजे सुमारे ७ बार असतो. उपकरणावर दोन गेज आणि त्यांच्यामध्ये ठरावीक मापाचे बारीक छिद्र. पहिले गेज येणाऱ्या हवेचा दाब दाखवते, दुसरे सिलिंडरच्या बाजूचा. पहिल्याचा काटा १०० वर आणि दुसऱ्याचा ९० वर असला, तर गळती १० टक्के धरतात. छिद्राचे माप बदलले की टक्केही बदलतात, म्हणून दोन वेगळ्या उपकरणांचे आकडे शेजारी ठेवण्यात फारसा अर्थ नसतो.

मात्र उपकरण तेच, इंजिनही तेच, तरी रात्रभर गार पडलेल्या इंजिनाचा आकडा आणि नुकतेच चालवून थांबवलेल्याचा आकडा सहसा जुळत नाहीत. बहुतेक वेळा गरम इंजिन कमी गळते.

याचे श्रेय अनेकदा पिस्टनभोवतीच्या रिंगेला दिले जाते. रिंग अखंड नसते. तिच्या दोन टोकांत मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. तापल्यावर रिंग वाढते आणि फट मिटते, असे सांगितले जाते. चालत्या इंजिनात ते बरेचसे खरे आहे, कारण तिथे रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा जास्त तापलेली असते. पण चाचणीच्या वेळी इंजिन बंद असते. बिडाचा ब्लॉक आणि बिडाची रिंग काही मिनिटांत जवळपास एकाच तापमानाला येतात, दोन्ही सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात आणि फट जवळजवळ होती तेवढीच राहते. खरा फरक पिस्टनमुळे पडतो. रिंगेच्या फटीतून आलेल्या हवेला खाली जायला पिस्टन आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेचीच वाट असते आणि ती जागा पिस्टन भरून काढतो. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट वाढते. ८० मिलिमीटरचा पिस्टन २० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, की त्याचा व्यास साधारण ०.११ मिलिमीटरने वाढतो. बिडाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचे भोक, मात्र ०.०६ च्या आसपासच. उरलेले ०.०५ मिलिमीटर केसाच्या जाडीहूनही कमी आहेत, पण फीलर गेज हाताळणाऱ्या मिस्त्रीला ते माप किरकोळ वाटणार नाही. शिवाय पिस्टन नीट बसला की रिंगाही तिरक्या न होता भिंतीला सरळ टेकतात.

पिस्टनचा धातू बदलला की हा फरकही बदलतो. शर्यतीच्या इंजिनांत वापरले जाणारे काही घडीव पिस्टन जास्त प्रसरण पावतात, म्हणून ते बसवतानाच सैल ठेवतात. असे इंजिन गार असताना घाबरवणारा आकडा दाखवते आणि गरम झाल्यावर सुधारते. याउलट बोअरही अ‍ॅल्युमिनियमचाच असेल, तर दोन्ही भाग जोडीने वाढतात आणि गरम-गार यांतली तफावत कमी होते.

दुसरे कारण ऑइल. १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना ४० अंशांच्या तुलनेत सात-आठ पट पातळ असते. मग दाट, गार ऑइलने फट जास्त चांगली बुजायला हवी, असे वाटते. पण रात्रभर उभ्या गाडीत रिंगांभोवतीचे बरेचसे ऑइल निथळून खाली गेलेले असते. नुकत्याच थांबवलेल्या इंजिनात भिंती आणि रिंगा ओल्या असतात, आणि तो ताजा थर पातळ असूनही कामाचा ठरतो.

इथपर्यंत उष्णता गळती कमीच करते. व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र ती उलटही वागू शकते. टॅपेटचा गॅप कमी ठेवला असेल, तर काही इंजिनांत तापून लांबलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. गार चाचणीत असे इंजिन निर्दोष ठरते आणि गरम चाचणीत सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू येते. हेडमधली तडही कधी कधी तापल्यावरच उघडते. हेड गास्केटचा नेम नाही: अ‍ॅल्युमिनियमचे हेड पोलादी बोल्टांपेक्षा जास्त फुगत असल्याने गरमपणी पकड आवळते आणि बारीक गळती दडून जाते. म्हणून गरम आकडा चांगला आला तरी गास्केटबद्दल शंका असल्यास गार चाचणीही करावी. गास्केटची शंका सोडली, तर गार असताना गळणारे आणि तापल्यावर थांबणारे इंजिन सहसा चालून जाते. उलटा प्रकार दिसला तर हेड उतरवायची तयारी ठेवावी.

गरम चाचणीही कामाच्या तापमानाची हुबेहूब नक्कल नसते. चालत्या इंजिनात पिस्टनचा माथा २५०-३०० अंशांपर्यंत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ६०० अंशांच्या वर गेलेला असतो. प्लग काढून नळी लावेपर्यंत ही उष्णता बरीच उतरते. चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्याची पाळी येईपर्यंत अर्धा तास सहज जातो, आणि त्याचा आकडा पहिल्यापेक्षा वाईट आला तर ती झीज की नुसता गारवा, हे कळत नाही. यावर साधा उपाय म्हणजे शेवटी पहिला सिलिंडर पुन्हा तपासणे. त्याचाही आकडा तेवढाच घसरला असेल, तर चौथ्याला दोष देता येत नाही.

घाई मात्र महागात पडते. अ‍ॅल्युमिनियमच्या तापलेल्या हेडमधून प्लग ओढून काढताना आटे खराब होऊ शकतात. गास्केटची गळती शोधताना रेडिएटरमध्ये बुडबुडे पाहायचे असले तरी गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून भाजते. दाबाची हवाही कमी धोक्याची नाही. ८० मिलिमीटरच्या पिस्टनवर ७ बारचा रेटा सुमारे ३५० किलोचा होतो. पिस्टन अगदी वरच्या जागेपासून किंचित जरी सरकलेला असला, तर क्रँक झटक्यात फिरतो आणि त्यावर लावून ठेवलेला पाना हात मोडू शकतो.

विमानांच्या पिस्टन इंजिनांत ही चाचणी नेहमीची आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनात दाब ८० पीएसआय आहे आणि १,००० घन इंचांपर्यंतच्या इंजिनांसाठी छिद्र ०.०४० इंचांचे. इंजिन थांबल्यावर शक्य तितक्या लवकर, भिंती आणि रिंगा ऑइलने ओल्या असतानाच चाचणी घ्यावी, असे तिथे सांगितलेले आहे. निकाल ७४/८० असा लिहितात. आकडा कमी आला, तर सिलिंडर लगेच उतरवत नाहीत. इंजिन पुन्हा चालवून पुन्हा मोजतात, कारण व्हॉल्व्हखाली अडकलेला कार्बनचा कणही असाच आकडा देतो.

सुरूच न होणारे किंवा नव्याने बांधून टेबलावर ठेवलेले इंजिन अर्थातच गारच तपासावे लागते. अशा वेळी एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांची आपसातली तुलना पाहावी. तीन सिलिंडर १५ टक्क्यांच्या आसपास आणि एक ४० वर असेल, तर त्या एकाचा दोष थंडीवर ढकलता येत नाही. नोंदीत आकड्याशेजारी इंजिनाचे तापमान आणि बंद केल्यानंतर गेलेली मिनिटेही लिहावीत. यंदाचे गरम ८ टक्के आणि पुढच्या वर्षीचे गार १४ टक्के यांच्या वजाबाकीतून झीज निघत नाही.