भार्या म्हणजे भार नव्हे

गेल्या महिन्यात एका एकसष्टीला वक्त्यांनी पुन्हा तीच कोटी केली. जिचा जन्मभर भार वाहायचा ती भार्या! सभागृह हसलं. सत्कारमूर्तींच्या शेजारी त्यांची पत्नी बसली होती. नवऱ्याची नोकरी गेल्यावर या बाईंनी ब्लाउज शिवून दोन मुलं शिकवली, हे समोरच्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. त्याही हसल्या आणि मांडीवरच्या शालीची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिल्या. लग्नात, साखरपुड्यात ही व्युत्पत्ती इतक्यांदा ऐकली आहे, की आता गप्प बसवत नाही. ती साफ चूक आहे.

दोन्ही शब्द ‘भृ’ धातूचे, इथवर ठीक. पण धातू एक म्हणून एका शब्दातून दुसरा निघत नाही. पाणिनीय धातुपाठ ‘भृ’चे अर्थ देतो धारण आणि पोषण. उचलून धरायचा तो भार. भार्येत आहे ते पोषण. तिथला शेवटचा ‘य’ बघा. करायचं ते कार्य, प्यायचं ते पेय, तशी जिचं भरणपोषण करायचं ती भार्या. ते करणारा तो भर्ता, जात्यावरच्या ओव्यांतला आपला भ्रतार. म्हणजे शब्द बाईविषयी तक्रार करत नाही, नवऱ्याचं कर्तव्य सांगतो. कोर्टकचेरीत आजही ‘भरणपोषण’ हाच शब्द चालतो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी कलम 125 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 आहे. त्यात बायकोबरोबर मुलं आणि आईवडीलही येतात. त्यांना कुणी व्यासपीठावरून ओझं म्हणेल का?

मात्र भार्या हा गौरवाचा शब्द आहे, असंही मी म्हणणार नाही. बाई पोसली जाणारी, हे त्यात गृहीतच आहे.

‘भार’बद्दल इतरही गैरसमज आहेत. ‘आभार’ म्हणजे अ-भार, ओझं उतरणं, असं सांगतात. तिथे ‘अ’ नाही, ‘आ’ आहे, आणि उपकाराचं ओझं आभार मानणाऱ्यावरच असतं. मार्केट यार्डातलं ‘बारदान’ हा ‘भारदान’चा अपभ्रंश नाही, त्यातला ‘बार’ फारसी, आपल्या ‘भार’चा सख्खा चुलतभाऊ. इंग्रजीतलं ‘बर्डन’ संस्कृतातून गेलेलं नाही, दोघांचं मूळ त्याहून जुनं आणि एकच. आणि भार म्हणजे नुसतं ओझं नव्हे, ते पक्कं माप होतं: अमरकोशात 100 पलांची तुला आणि 20 तुलांचा भार.

भार्येची व्युत्पत्ती सांगायचीच असेल, तर वक्त्यांनी महाभारताच्या प्रचलित पाठातलं आदिपर्व उघडावं. तिथे भीष्म सत्यवतीला दीर्घतमा ऋषीची गोष्ट सांगतो. ऋषी जन्मांध, संसार बायकोच्या जिवावर. तू माझा द्वेष का करतेस, असं तो विचारतो. त्याची बायको प्रद्वेषी त्याला भर्ता शब्दाचा अर्थच ऐकवते: भार्येचं भरण करतो म्हणून तो भर्ता. इथे तुला आणि मुलांना मीच पोसत आले, कष्टांनी थकले, आता यापुढे पोसणार नाही.